वरचं आधी, गोळ्या नंतर

मी एक लॅटिन क्रियापद बोलतेय. दचकू नका, दचकायचं काम माझं. मराठीत क्रियापद नपुंसकलिंगी असतं हे ठाऊक आहे मला. पण 'मी बोलतंय' म्हणताना माझं मलाच कसंनुसं होतं, म्हणून 'बोलतेय'.

तुम्ही मला पाहिलंय. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, औषधांच्या नावांच्या वर, इंग्रजी आर आणि त्याच्या पायावर मारलेली काट: ती मी. अजूनही पेनाचं बटण टक् झालं की मी पाय आखडून घेते. आता पाय कापणार! आणि कापतातच.

माझं पूर्ण नाव रेकिपे, इंग्रजीवाले रेसिपी म्हणतात. माहेरचा धातू 'कापिओ', म्हणजे घेणे. त्याला 'रे' लागला, म्हणजे 'परत', आणि सासरी नाव बदलावं तसं पोटातल्या 'का'चं 'कि' झालं. रोममध्ये फार राबले. दिलेली वस्तू परत घ्यायची, तर मी. पाहुण्याला घरात घ्यायचं, तर मी. सैन्य पळून आलं तरी 'स्वतःला परत घेतलं' म्हणून अब्रू झाकायची, तीही मीच. पुढे वैद्य चिठ्ठीत 'अमुक घे, तमुक घे' लिहू लागले आणि मी कायमची आज्ञार्थात अडकले. हुकूम सोडायचा माझा स्वभाव नाही हो!

तर अशीच एका चिठ्ठीवर बसून मी जळगावात अभयकुमारभाऊंच्या मेडिकलमध्ये आले. समोरची पाटी वाचली आणि माझी शाई गोठली. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' जिचा अर्थच 'परत घे', तिने इथे नांदायचं कसं?

चिठ्ठी भाऊंच्या आईची, जतनबाईंची. रक्तदाब वाढलेला, दुकान घरचंच, गोळ्या समोर काढून ठेवलेल्या. पण बाई तोंड उघडत नव्हत्या. कारण त्यांचा धाकटा मुलगा, अखिल. त्याने एका गिऱ्हाइकाकडून बूच उघडलेलं खोकल्याचं औषध परत घेतलं होतं. का, तर चव आवडली नाही! भाऊ सगळ्यांदेखत ओरडले. अखिल ती बाटली उचलून धुळ्याला निघून गेला आणि तिथेच कुणाच्या तरी दुकानात लागला. त्याच दिवशी ही पाटी लागली.

भाऊंची मुलगी विधी शिरपूरला फार्मसी शिकते. आजीचं मन रमवायला ती चिठ्ठी घेऊन बसली.

"दादी, हे वरचं काय आहे माहितीये? रेसिपी."

"कसली? शेवभाजीची?"

"नाही गं. लॅटिन आहे. 'घे'. मूळ अर्थ 'परत घे'."

जतनबाईंनी चिठ्ठी चष्म्याला इतकी टेकवली की मी काचेला चिकटलेच.

"डॉक्टरांनी सगळ्यात वर लिहिलंय?"

"सगळ्यांच्याच चिठ्ठीवर लिहितात."

"लिहू देत. सगळ्यांच्याच घरातून कोणीतरी गेलेलं असतं. अभय! आधी वरचं दे."

"वर औषध नाहीये माँ. ते नुसतं लॅटिन आहे."

"मग लॅटिन दे. वरचं आधी, गोळ्या नंतर. क्रम चुकवू नका, असं तूच सांगतोस ना गिऱ्हाइकांना?"

काउंटरपाशी उभे असलेले गिऱ्हाईक ज्ञानेश्वर आबा घाबरून स्वतःची चिठ्ठी बघू लागले. "मनी चिठ्ठीवर बी हाईच शे! म्हंजे माले बी चुलतभाऊले परत लेनं पडी? नको रे भाऊ, तेनापेक्षा खोकला बरा."

भाऊंनी कपाळाला हात लावला. "माँ, हा हुकूम पेशंटला नसतोच. पूर्वी डॉक्टर औषधवाल्याला लिहायचे. घ्यायचं ते औषधवाल्याने."

"आणि औषधवाला कोण?"

भाऊंच्या पाठीमागे फ्रेममध्ये औषधविक्रीचा परवाना टांगलेला होता. त्यावर त्यांचंच नाव. इतकी शतकं मी हुकूम सोडतेय. पण ज्याला सोडला त्याने दचकून माझ्याकडे बघावं, हे पहिल्यांदाच घडत होतं. मीही दचकले.

भाऊंनी अखिलला फोन लावला. "माँ गोळी घेत नाहीये. ये."

"तुमची पाटी आहे ना, भैया?"

"माल परत घेत नाही असं लिहिलंय. तू काय माल आहेस, गाढवा?"

अखिल धुळ्याच्या गाडीने आला. रोमन सैन्यासारखा अब्रू झाकत; विचारलं असतं तर म्हणाला असता, सहज आलो. आल्या आल्या त्याने ती बाटली काउंटरवर ठेवली. "आधी ही."

भाऊंनी बूच काढलं, वास घेतला, तोंड वाकडं केलं. मग बाटली निमूट आत ठेवून दिली.

"आता खालचं आण," जतनबाई म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

पाटी अजून तिथेच आहे. फक्त तिच्या खालच्या कोपऱ्यात विधीने मार्करने मला रेखाटून ठेवलंय. वर लिहिलंय 'परत घेतला जाणार नाही', खाली मी म्हणतेय 'परत घे'. गिऱ्हाइकं गोंधळतात. भाऊ पुसायला फडकं उचलतात, की माझा जीव गेलाच म्हणून समजा. मग अखिलकडे बघतात आणि काउंटरची काच पुसून ठेवतात.

तुमच्या चिठ्ठीवर मी दिसले तर एकदा तरी माझ्याकडे बघा. घाबरू नका, मीच जास्त घाबरलेली असते. आणि डॉक्टरांना माझा एवढा निरोप द्या: पाय कापायचा तर कापा, पण आधी जरा सांगून.