घोड नदीपलीकडे जाण्यापुरतं डिझेल

आमचे दाजी आबासाहेब यांच्याकडे एक चालतं घर आहे. साखर कारखान्याच्या शाळेची जुनी बस लिलावात निघाली, ती त्यांनी घेतली आणि नगरला माझ्या वर्कशॉपात आणून उभी केली. मी अंगद, त्यांचा मेव्हणा. पाण्याचे टँकर आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणं हा माझा धंदा. बसमधली बाकं काढून मी तिच्यात पलंग, कपाट, पाण्याची टाकी आणि गॅसच्या शेगडीसाठी ओटा बसवून दिला. डिझेलची मूळ टाकी गंजून चाळण झाली होती, म्हणून एका तीनचाकी टेम्पोची टाकी तात्पुरती लावली. त्याला आता पंधरा वर्षं झाली.

ह्या सगळ्या खटाटोपाचं कारण म्हणजे माझी थोरली बहीण विजयमाला, आमची आक्का. तिला बघायला आले तेव्हा दाजींनी विचारलं होतं, तुम्हाला कशाची आवड आहे. बाकीच्या मुली अशा वेळी स्वयंपाक नाहीतर विणकाम सांगतात. आक्का म्हणाली, मला समुद्र बघायचाय. दाजी म्हणाले, दाखवतो. लग्न झालं, पोरं झाली, पोरांचीही लग्नं झाली, आणि समुद्र होता तिथेच राहिला.

अडचण अशी, की टेम्पोची टाकी पुणतांब्याहून निघालेल्या बसला राहुरीच्या पुढे नेत नाही. डिझेल भरायला थांबावंच लागतं, आणि त्या रस्त्यावरचा जो पंप बघावा तो दाजींच्या कुठल्या ना कुठल्या पाहुण्याचा. परक्याच्या पंपावर भरलं तर वर्षभर बोलणं बंद. पाहुण्याच्या पंपावर भरलं तर चहा, चहामागून जेवण, आणि जेवणानंतर आक्काची ओटी. ओटी भरली की प्रवास संपला. आमच्यात ओटीचे तांदूळ त्या बाईनं आपल्याच घरी, आपल्याच चुलीवर शिजवायचे असतात आणि तोवर पुढे जायचं नसतं. त्यामुळे दर खेपेला आक्का पदरात तांदूळ-नारळ घेऊन राहुरीहून परत पुणतांब्याला. मला ह्या पाहुण्यांचा भयंकर राग येतो. माणसांनी इतकं प्रेमळ असू नये.

यंदा दिवाळी झाल्यावर आक्का माझ्या वर्कशॉपात आली. गुडघे सुजले होते. स्टुलावर बसून तिनं आधी पाणी मागितलं.

"अंगद, ह्या टायमाला न्हाई झालं, तर मी पुन्यांदा समुद्राचं नाव काढनार न्हाई," ती म्हणाली. "आता पाय ऐकत न्हाईत."

ती चिडून बोलली असती तर मला चाललं असतं. ती नुसती दमलेली होती. त्याच दिवशी मी दाजींना बोलावून सांगितलं, मोठी टाकी बसवू आणि घोड नदीचा पूल ओलांडेपर्यंत कुठेही थांबायचं नाही. पुलापलीकडे पुणे जिल्हा. तिकडे आपली एकही सोयरीक नाही.

इथवर सगळं शहाणपणाचं होतं. मी हत्यारं घेऊन पुणतांब्याला गेलो आणि बसच्या खाली चांगली ऐसपैस टाकी बसवली. दाजी वाकून तिच्याकडे बघत म्हणाले, जायचं झालं, येताना काय करायचं? म्हणून पलंग काढून तिथे दुसरी टाकी बसवली. मग दाजींच्या लक्षात आलं, की दोन टाक्यांच्या वजनानं गाडी जास्त डिझेल पिणार, तेव्हा त्या जास्तीच्या डिझेलला आणखी एक टाकी पाहिजे. कपाट गेलं. तिसरीच्या वजनासाठी चौथी आली आणि पाण्याची टाकी गेली. मला थांबवायला हवं होतं, पण टाकी बनवायला घेतली की माझं डोकं बंद पडतं आणि हात चालतात. पाचव्या टाकीसाठी दाजींनी शेगडीच्या ओट्याकडे बोट दाखवलं, तेव्हा आक्का ओट्याला पाठ लावून उभी राहिली.

"झोपायला जागा न्हाई, चालंल. चूल न्हाई हलायची."

एवढ्या डिझेलशेजारी शेगडी पेटवताच येणार नाही, मग ती ठेवून उपयोग काय, हे मी तिला परोपरीनं समजावलं. तिनं ढिम्म ऐकलं नाही. शेवटी मी शेगडी राहू दिली, सिलिंडर स्वतः बंद केला आणि काडेपेटी माझ्या खिशात ठेवली. माझ्याशिवाय ह्या गाडीजवळ कुणावर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता, म्हणून मीही त्यांच्याबरोबर निघालो.

आम्ही निघाल्याची बातमी आमच्या आधीच सगळ्या पंपांवर पोचली होती. राहात्याला दाजींचे चुलतभाऊ रस्त्यात येऊन हात करत होते. दाजींनीही हात केला आणि गाडी तशीच पुढे काढली. राहुरीच्या पंपावर दाजींच्या वहिनी हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभ्या होत्या, त्यांचं उघडं तोंड काचेतून दिसलं आणि मागे गेलं. नगर गेलं. माणसांचं प्रेम चुकवण्यात इतकं सुख असतं हे मला ठाऊक नव्हतं. आक्का टाकीवर उशी ठेवून बसली होती आणि दर गावाला 'सुटलं का?' म्हणून विचारत होती.

सुप्याजवळ रस्ता बंद होता. दोन ट्रॅक्टर आडवे लावलेले, त्यांच्यापुढे कडब्याच्या पेंढ्यांची भिंत आणि भिंतीपुढे कांद्याच्या गोण्या. बाजूला दाजींचे मामेभाऊ काकासाहेब लाल टॉवेल हलवत होते. त्यांचा पंप तिथेच आहे. दाजींनी ब्रेक दाबला. गाडी कांद्याच्या अलीकडे वीतभर जागा ठेवून उभी राहिली.

मग काकासाहेब खिडकीशी आले.

"आबा, ब्रेक लागत्यात की."

"लागत्यात," दाजी म्हणाले.

"मग राहुरीला का न्हाई थांबला?"

झालं होतं असं, की आबासाहेब राहात्याला थांबले नाहीत, राहुरीलाही थांबले नाहीत. आता आपला माणूस चहा न घेता पंपावरून पुढे जाईल, असं आमच्यातल्या कुणाच्या डोक्यातही येत नाही. तेव्हा गाडीचे ब्रेक गेले, हे सगळ्यांनी एकमतानं ठरवलं. राहुरीहून सुप्याला फोन गेला. काकासाहेबांनी आमचा जीव वाचवायला बाजाराला निघालेले स्वतःचे कांदे रस्त्यावर टाकले होते. त्यांच्या बायको लंकाबाई डोळे पुसत गाडीत चढल्या, आक्काला घट्ट धरलं आणि तीन टाक्यांमध्ये उभ्या राहून तिची ओटी भरली. त्यांना नको म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती. मला फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं, कारण घोड नदी अगदी हाताशी आली होती.

दाजींनी मुकाट्यानं रिव्हर्स टाकला. आम्ही निम्मा देश फिरण्याइतकं डिझेल घेऊन घरी निघालो होतो.

"कुठं निघाला?" आक्कानं विचारलं.

"घरी. तांदूळ शिजवायचं न्हाईत का?"

"मग थांबवा गाडी. घर हेच हाय. चूल बी माझीच हाय."

दाजींनी लंकाबाईंकडे पाहिलं. ओटी त्यांनी भरलेली, तेव्हा निकाल त्यांचाच. त्यांनी शेगडीकडे पाहिलं, पलंगाच्या जागी बसलेल्या टाकीकडे पाहिलं आणि विचार केला.

"व्हय की," त्या म्हणाल्या. "घरच हाय हे."

पंधरा वर्षं आम्ही ते घर बरोबर घेऊन फिरत होतो, आणि राहुरीहून दर वेळी घरी परतत होतो. मी डोक्याला हात लावला. तेवढ्यात आक्कानं माझ्यासमोर हात पसरून काडेपेटी मागितली, आणि मी ओरडत गाडीबाहेर आलो.

मग आधी टाक्या रिकाम्या कराव्या लागल्या. रस्ता अडवायला आलेले ट्रॅक्टर भरले, बघायला आलेल्यांचे ट्रॅक्टर भरले, मागे खोळंबलेले दोन टेम्पोही भरले. काकासाहेब हे सगळं आपल्या पंपाच्या दारात उभे राहून बघत होते. त्या दिवशी त्यांच्याकडे कुणी एक लिटरही घेतलं नाही. मी आतल्या तिन्ही टाक्या खोलून खाली उतरवल्या, फक्त गाडीखालची ठेवली. गाडी पंपापासून लांब, कांदा काढलेल्या वावरात नेली आणि वास जाईपर्यंत दारं-खिडक्या उघड्या टाकल्या. संध्याकाळी आक्कानं तांदळाची खीर केली. खिरीला डिझेलचा वास होता. सगळ्यांनी वाटी पुढे करून पुन्हा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पूल ओलांडला. त्यानंतर कुणी आडवं आलं नाही.

कोकणात उतरलो तेव्हा दिवस कलला होता. पहिल्यांदा कुणाकडे जाताना रिकाम्या हातानं जायचं नसतं, म्हणून दाजींनी समुद्रासाठी टॉवेल, टोपी आणि नारळ आणला होता. त्यांनी तो मान पाण्यात ठेवला. लाटेनं टॉवेल परत आणून दिला. दाजींनी 'घ्या, घ्या' म्हणत पुन्हा ठेवला. तो पुन्हा आला. अशी बरीच ओढाताण झाल्यावर समुद्रानं टोपी आणि नारळ ठेवून घेतला, आणि एवढा नम्र माणूस आपल्या सोयरिकीत पाहिजे होता, असं दाजींचं मत पडलं.

इतक्यात काकासाहेबांचा फोन आला. कुणाकडे उतरलात, असं ते विचारत होते. दाजी म्हणाले, घरीच. तर काकासाहेबांना वाटलं आम्ही परत आलो, आणि त्यांनी लगेच उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं.

आक्का गुडघ्यापर्यंत पाय पाण्यात सोडून वाळूत बसली होती. मी जाऊन शेजारी बसलो. ती रडत होती, आणि ते लपवायची तिला गरज वाटत नव्हती.

"अंगद, हितं कुनीच रहा म्हनत न्हाई," ती म्हणाली. "आन् मला निघावंसंच वाटंना."

मागे दाजी एक दगड शोधून बसच्या चाकाला लावत होते.