चाकाशेजारी

माझ्या डोळ्यात काचबिंदू निघाला तेव्हाच डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, सख्ख्या भावंडांनाही तपासून घ्या, हा घराण्यात उतरतो. माझं भावंड म्हणजे एकटी छोटी. ती शाळेची व्हॅन चालवते. घर त्या व्हॅनवर चालतं, त्यामुळे डोळ्यांचा विषय काढला की हिच्या कपाळाला आठी.

"ताई, तू पार्लरमध्ये लोकांचे केस काप, माझं डोकं खाऊ नकोस," म्हणायची. "लांबच्या पाट्या तुझ्याआधी वाचते मी."

ते खोटं नव्हतं. पण मीही कमी हट्टी नाही. वर्षभर भुणभुण लावली, शेवटी अबोला धरला, तेव्हा आज मलाच व्हॅनमध्ये घालून दवाखान्यात आली.

तक्ता तिनं शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. मग तिला एका यंत्रासमोर बसवलं. नजर मधल्या ठिपक्यावर ठेवायची, आजूबाजूला दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. मला बाहेर फक्त बटणाचा आवाज येत होता. मग बराच वेळ तोही येईना.

"मशीन बंद पडलं का हो?" छोटीनं विचारलं.

मशीन चालू होतं. डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे केला. मधे थोडं पांढरं, तेवढंच दिसणारं, भोवती काळं, दोन्ही डोळ्यांचं तसंच. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही, त्या म्हणाल्या. गेलेली नजर परत येत नाही. रोज थेंब घातले तर उरलेली टिकवता येईल. गाडी मात्र आजपासून बंद.

छोटीनं कागदाची घडी घातली. मला वाटलं होतं रडू येईल, पण काहीच आलं नाही. मी थेंब दिवसातून किती वेळा घालायचे तेवढं विचारून घेतलं.

बाहेर आल्यावर ती सवयीनं व्हॅनच्या पुढच्या दाराशी गेली, किल्ली हातात घेऊन थांबली, मग नवऱ्याला फोन लावला. "न्यायला ये," एवढंच बोलली. आम्ही मागे मुलांच्या सीटवर गुडघे आखडून बसलो.

"परवा एक आई माझ्यावर ओरडली," ती म्हणाली. "म्हणे, पोरगी चाकाशेजारी उभी असताना गाडी हलवलीस."

"मग?"

"मी तिलाच झापलं. मी नीट बघितलं होतं, ताई. तिथं कोणी नव्हतं."