जुजबंदी

आमच्या शब्दमंडळात मी सगळ्यात लहान. बाकी सगळे चाळिशी लावलेले, मी एकटी दहावीतली. गेल्या वर्षापर्यंत हजेरीलासुद्धा माझा आवाज फुटत नव्हता. आता एकदा सुरू झाले की मला आवरायला माणूस ठेवावा लागेल. दर रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमायचं, प्रत्येकाने एक शब्द आणायचा, तो मनसोक्त चघळायचा. ज्याचा शब्द सगळ्यांना आवडेल त्याचं नाव शब्दासकट आठवडाभर खालच्या फळ्यावर. चार महिन्यांत माझं नाव एकदाही लागलं नव्हतं, आणि मला ते लावायचंच होतं.

म्हणून मी घरातलाच शब्द उचलला. बाबा पुस्तकं बांधतात. त्यांच्या तोंडी दिवसातून दहादा असतो तो: जुजबंदी.

"हे किल्ल्यातलं काहीतरी वाटतंय," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तटबंदी, नाकाबंदी, जुजबंदी."

"झुंजबंदी असेल," टपालकाका म्हणाले. "आमच्या घरी लागू करा बुवा."

"तुमच्याकडे कोण झुंजतंय? तुम्ही तर लग्नातच शरण गेलात."

सगळे हसले. कोशकाका हसले नाहीत. मंडळ त्यांचं, आणि काखेतल्या जाडजूड कोशात बघितल्याशिवाय ते हसतही नाहीत. त्यांनी पान काढलं. "जुज म्हणजे भाग. जुजबी तिथलाच. जुजबंदी म्हणजे पुस्तकाची शिवण."

"कुठलीही शिवण नाही काही," मी म्हणाले. "बाबा खाली फाटकी पुस्तकं न्यायला आलेत. बोलावू?" आणि कुणी हो म्हणायच्या आत जिना उतरलेही.

बाबा दारातच थांबले. बोटांवर खळ वाळलेली. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची दिली, ती त्यांनी नुसती हाताने धरून ठेवली. मात्र शब्द विचारल्यावर एकदम खुलले. "पुस्तक द्या एखादं," म्हणाले, आणि समोर होता तो कोशच घेतला. मधोमध उघडून टेबलावर ठेवला, हात काढला. कोश फटकन मिटला.

"बघा, ही जुजबंदी नाही. हा कडेला वरून टोचून शिवलाय. जुजबंदीत प्रत्येक फर्म्याच्या, म्हणजे घडी घातलेल्या पानांच्या जुडीच्या, घडीतून दोरा जातो, एकाला दुसरा बांधत. मग पुस्तक उघडं ठेवलं की उघडंच राहतं."

"कोशकाका, तुमच्या कोशाने तोंड मिटलं की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

कोशकाकांचे कान लाल झाले. "अहो, कामगारांच्या तोंडी शब्द घासून वाकडे होतात. त्यांचा दोष नाही तो. पण छापलंय ते प्रमाण." मग माझ्याकडे वळले. "तुझा शब्द आहे. फळ्यावर लावू आपण. अर्थ कोणता लिहायचा, तू सांग."

तिसरीत असल्यापासून मी बाबांच्या मांडीला मांडी लावून फर्मे शिवलेत. कुठला अर्थ बरोबर, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

"कोशातलाच लिहा," मी म्हणाले. आणि एवढ्यावर थांबावं, तर तेही नाही. "बाबांची शाळा सातवीतच सुटली ना. ते ऐकीव बोलतात."

टपालकाका खिडकीबाहेर बघायला लागले.

"हो, तसंच असेल," बाबा म्हणाले. कोश त्यांनी दोन्ही हातांनी कोशकाकांच्या पुढ्यात सरळ ठेवला, खुर्ची जागेवर सरकवली आणि खाली गेले.

सोमवारी माझं नाव फळ्यावर होतं. मैत्रिणी बघून आल्या. मी वाचनालयाच्या पलीकडच्या फुटपाथने घरी गेले.

मंगळवारी संध्याकाळी आमच्याकडे बाबांच्या जुन्या गिऱ्हाईक वकीलबाई आल्या, त्यांच्या वडिलांनी लिहिलेल्या सुट्या जोडपानांचा गठ्ठा घेऊन. "जुजबंदीच करा हं. मागे तुम्हीच समजावलं होतंत मला."

"त्यातलं मला काही कळत नाही, बाई," बाबा म्हणाले. "शिवून देतो."

"अहो, असं काय करता? तुम्हीच तर..."

"शिवून देतो. चांगलं होईल."

त्या गेल्या. मी नेहमीसारखी सतरंजीवर बसले, सुई घेतली, दोऱ्याला मेण लावायला लागले. बाबांनी माझ्या हातातून दोरा काढून घेतला. ओढून नाही, हळूच.

"तू आत जा. अभ्यास कर."

"आज काही अभ्यास नाहीये."

"मग नुसती बस आत," ते म्हणाले, आणि पहिला कागद घडी घालायला घेतला.