राहिलेला वन्स मोअर

“काकू, तू माझ्याकडे बघू नकोस. मी काय, दिसणारच आहे. तू बघणाऱ्यांकडे बघ. कोण काय म्हणालं, कोण मधेच उठून गेलं, सगळं बघ आणि मला खरं सांग. गोड करून नको.”

क्षिप्राचं हे फोनवरचं बोलणं दोन दिवस माझ्या कानात होतं. रविवारी संध्याकाळी साडेपाचला तिचं नवं संगीत नाटक मुंबईच्या नाट्यगृहातून थेट टीव्हीवर दिसणार होतं. आधी चित्रण करून मग कापून-जोडून नव्हे. तिथे पडदा उघडणार त्याच क्षणी तो आमच्या दिवेआगरात उघडणार.

क्षिप्रा माझी पुतणी. धाकटे दीर आणि जाऊ एकाच अपघातात गेले तेव्हा ती चार वर्षांची होती, तेव्हापासून ती माझ्याकडेच वाढली. जेवूखाऊ मी घातलं, गाणं मात्र दिलं मामंजींनी. माझे सासरे विश्वंभर, गाव त्यांना तात्या म्हणतं. उत्सवातल्या संगीत नाटकांना चाळीस वर्षं पेटीची साथ त्यांचीच होती.

“आजोबा बसतील बघायला?” तिने फोन ठेवता ठेवता विचारलं होतं.

“बसतील की.”

“तू बसवायचं नाहीस. आपणहून बसले तरच सांग. आणि त्यांना आवडलं नाही तर तेही सांग.”

मी देवासमोरच उभी होते. तिथूनच हो म्हटलं. म्हणजे ते वचनच झालं.

आता त्या सहा वर्षांपूर्वीच्या रात्रीबद्दल सांगायला हवं. आमच्या उत्सवात एक रीत आहे. लोकांनी पदाला वन्स मोअर दिला, तरी तो घ्यायचा की नाही हे पेटीवाला ठरवतो. त्याने पहिला सूर धरला की गाणाऱ्याने पद पुन्हा म्हणायचं. सूर आला नाही, तर समजायचं की लोकांना आवडलं तरी पेटीच्या मनाला आलं नाही. का, ते पेटीवाल्याला कुणी विचारत नाही. किनाऱ्यावर मोठं वादळ आलं त्याच्या आदल्या वर्षी क्षिप्राने पहिल्यांदा मुख्य भूमिका केली. तिच्या शेवटच्या पदाला सगळा मांडव वन्स मोअर देत उभा राहिला. ती आजोबांकडे वळली आणि सुरासाठी थांबली. मामंजींनी मान वर केली नाही. बोट ओलं करून त्यांनी वहीचं पान उलटलं आणि पुढच्या नटाचं पद सुरू केलं. पोर तीनशे माणसांदेखत तशीच उभी राहिली.

मी पहिल्या रांगेत होते, आणि मौनात होते. गेली बारा वर्षं तिन्हीसांजेला दिवा लावला की दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत मी बोलत नाही. आमचे हे म्हणतात, “संध्याकाळनंतर या घरात माझं सगळं बरोबर असतं.” त्या रात्री क्षिप्रा माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली, मी तिच्या केसांतून नुसता हात फिरवला. उजाडल्यावर बोलू, असं मनाशी धरलं होतं. ती सहाच्या गाडीने गेली. सूर्य त्यानंतर उगवला.

मामंजी एवढंच म्हणाले, “जाताना पाया पडली नाही.” पुढच्या वर्षी त्यांनी उत्सवातली साथ दुसऱ्याच्या हाती दिली. वादळात आमची अर्धी वाडी आडवी झाली, तेव्हा क्षिप्रा धावत आली होती. मामंजी दिवसभर पडलेल्या पोफळींत फिरत राहिले आणि ती परत गेल्यावरच घरात आले. तिचा विषय ते काढत नाहीत, मीही काढत नाही. व्रत मोडलं नाही म्हणून देव मला काही बोलला नाही. मी स्वतःला मात्र बोलत आले.

रविवारी यांनी टीव्ही ओटीवर आणून ठेवला. हे शाळेतून निवृत्त झालेत, पण वर्गात प्रयोग मांडावा तशी त्यांची मांडामांड अजून चालते. समोर अंगणात, खळ्यात चटई टाकली. आमच्या वाडीत काम करणारा अनंता आणि त्याची बायको सोनूबाई आली. सोनूबाईचं माहेर मुरुडचं, कोळीवाड्यातलं.

मामंजी खांबाला टेकून बसले. मांडीशी सुपारीची टोपली, हातात अडकित्ता.

“मी बघायला बसलो नाही,” ते म्हणाले. “सुपारी कातरायला बसलोय.”

“आम्ही कुठे काय म्हटलं, तात्या,” हे म्हणाले.

पडदा उघडला. नाटक खाडीवर तर, म्हणजे माणसं पार नेणारी होडी, चालवणाऱ्या मुलीचं. बाप समुद्रात गेलेला, परतलेला नाही. ती त्याची होडी चालवते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याची खबर विचारते. क्षिप्रा वल्हं घेऊन आली आणि अडकित्त्याचा आवाज थांबला.

“वल्हं असं धरतात व्हय?” सोनूबाई म्हणाली. “संध्याकाळपतुर हात सोलून निघंल तिचा.”

“तिला काय खरी होडी न्यायची हाय?” अनंता म्हणाला.

“न्यायची नसली तरी धरायचं नीट. माझ्याकडं आली असती तर दावलं असतं.”

पण पहिलं पद सुरू झालं आणि सोनूबाईने पदर तोंडाशी नेला. पद संपेपर्यंत तो तिथेच होता. मग हळूच म्हणाली, “वैनी, ही आपल्या खळ्यात चिंचोके खेळायची, तीच ना?”

मी मान हलवली. तेवढ्यात दिवा लावायची वेळ झाली. मी तुळशीपाशी दिवा लावला, स्तोत्र म्हटलं, आणि माझं मौन सुरू झालं.

टीव्हीच्या तळाशी एक पट्टी सरकत होती. गावोगावचे प्रेक्षक फोनवरून लिहून पाठवत होते ते तिच्यावर दिसत होतं. कुणी अकोल्याहून लिहिलं होतं, आई अंथरुणाला खिळलेली आहे, आज तिने तक्क्याला टेकून ताल धरला. कुणी बेळगावहून लिहिलं, आमच्या इमारतीत चार घरांत एकच आवाज आहे, जिन्यात उभं राहिलं तरी नाटक ऐकू येतं. हे एकेक मोठ्याने वाचत होते. आपण एकटे बघत नाही, ही जाणीव फार सुखाची होती. देवळात आरतीला कुठूनतरी मागून एक अनोळखी आवाज आपल्या आवाजात मिसळतो ना, तसं वाटत होतं.

“आवाज बारीक आहे,” मामंजी म्हणाले.

यांनी वाढवला.

“अजून बारीक आहे.”

“आता बोर्लीपर्यंत जात असेल तात्या,” हे त्यांच्या तोंडासमोर येऊन म्हणाले.

“मग तिथूनच बारीक येतोय. कळवा त्यांना.”

हे शिस्तीचे. त्यांनी खरंच लिहिलं. थोड्या वेळाने पट्टीवर आमचं गाव आलं: ‘देवदत्त, दिवेआगर. आवाज फार बारीक येतो आहे, कृपया वाढवावा.’ अनंता मांडीवर हात मारून हसला. पण दोन मिनिटांत सांगलीहून कुणाचं तरी उत्तर आलं: ‘आमच्याकडे खणखणीत आहे. दिवेआगरकरांनी कान तपासून घ्यावेत.’

आम्ही सगळे हसलो, मी आपली तोंडावर हात ठेवून. मामंजींनी चष्म्यातून ती पट्टी वाचली. ते हसले नाहीत. त्यांनी एक सुपारी उचलली, परत टोपलीत टाकली. यांनी दोन वर्षांपूर्वी अलिबागहून आणलेलं कानात घालायचं यंत्र त्यांच्या कपाटात डबीतच होतं. “म्हाताऱ्यांना लागतं ते,” असं म्हणून त्यांनी ते ठेवून दिलं होतं. वय एक्याऐंशी.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी एक पद आलं. पैलतीरावरून कुणीतरी सांगतं, तुझ्या बापाची होडी सापडली, माणूस नाही सापडला. ती वल्हं खाली ठेवते आणि होडीत बसूनच गाते. माझी नजर सारखी पडद्याकडे ओढली जात होती. मग क्षिप्राचं बोलणं आठवून मी ती मामंजींकडे वळवायची. त्यांची बोटं गुडघ्यावर चालत होती. डोळे तिच्या गळ्यावर. लहानपणी ते तिला सांगायचे, “समेवर येताना आवाज लहान करायचा. मोठा कुणीही करतो.” ती तान घेऊन वर गेली, तिथे जरा थांबली, आणि समेवर येताना निरांजनाची वात खाली करावी तसा आवाज लहान केला. गुडघ्यावरची बोटं त्याच क्षणी थांबली. मी इतकी वर्षं देवाची गाणी ऐकली, पण दुःखाला असं हळुवार खाली ठेवलेलं मी ऐकलं नव्हतं.

नाट्यगृह उसळलं. वन्स मोअर. पट्टीवर नाशिक, सोलापूर, गोंदिया, सगळीकडून तेच येत होतं. इकडे अनंता मामंजींच्या पाठीमागे उभा राहून टाळ्या वाजवत “वन्स मोर, वन्स मोर” करत होता. सोनूबाई रडत टाळ्या वाजवत होती. यांनी तर चक्क शिट्टी घातली, निवृत्त मास्तरांनी. आणि पडद्यावर क्षिप्रा डावीकडे, पेटीवाल्याकडे वळली. तशीच, मान किंचित वाकवून. आणि थांबली.

मी मामंजींकडे बघितलं. त्यांनी बोट ओलं केलं आणि हवेतच, पान उलटावं तशी बोटं फिरवली. मग मला, मी सगळ्यांत जवळ होते म्हणून, हळू आवाजात म्हणाले, “या पदाला वन्स मोअर यायला हवा होता ग. नाही दिला कुणी.” पुढे म्हणाले, “तेव्हाही नाही दिला. इतकं म्हटलंन पोरीने.”

मागे अनंता ओरडत होता आणि मामंजींना त्याचा पत्ताच नव्हता.

बोलायची मनात फार घाई झाली. पण व्रत होतं, आणि बोलून तरी त्यांना कुठे ऐकू येणार होतं. मी उठले. त्यांच्या खांद्याला धरून त्यांना मागे वळवलं. त्यांना अनंताचे हात दिसले, सोनूबाईचे दिसले, यांचं शिट्टीसाठी गोल झालेलं तोंड दिसलं. मग मी टीव्हीजवळ गेले आणि पट्टीवर बोट ठेवलं. त्यांनी वाचलं. एकेक गाव वाचलं.

मग मी देवळाच्या दिशेने हात केला, जिथे उत्सवाचा मांडव पडतो तिकडे.

त्यांनी तिकडे बघितलं. “तेव्हाही?”

मी मान हलवली.

“सगळ्यांनी?”

मी हलवली.

तिकडे पेटीने सूर दिला आणि क्षिप्रा पुन्हा गायला लागली.

“टीवी मागं गेला काय?” सोनूबाईने डोळे पुसत विचारलं.

“गप ग,” अनंता म्हणाला. “त्याला वन्स मोर म्हनतात. आताच दिलास ना तू?”

“मी दिला म्हनून गाते व्हय ती?” असं म्हणून ती ताठ बसली, आणि पुन्हा सगळं पद ऐकताना तिने वल्ह्याचं नाव काढलं नाही. मामंजी कानामागे तळवा धरून, सगळं शरीर पुढे टाकून बसले होते. अडकित्ता खळ्यात पडला तो त्यांना कळला नाही.

नाटक संपलं. सगळे नट हात जोडून उभे राहिले तेव्हा सोनूबाईने टीव्हीवरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. ती दोघं गेली, हे टीव्ही आत नेऊ लागले.

“तिला वाटलं असणार, पेटीने अडवलं,” मामंजी म्हणाले.

मी मान हलवली.

“आणि मी बसलो, पाया पडली नाही म्हणत.” टोपलीतली कातरलेली सुपारी त्यांनी उगीच हाताने सारखी केली. “कान तेव्हाच गेले होते. पेटीवाल्याने ते कुणाला सांगायचं. उद्या तू तिला फोन करणार?”

मी मान हलवली.

“बाकी सगळं सांग. हे मी सांगतो. समोर जाऊन.”

“काय सांगायचंय तात्या?” यांनी आतून विचारलं.

त्यांना ते ऐकू गेलं नाही. मी यांना नुसता हात केला.

रात्री मला झोप लागेना. क्षिप्राला मी सगळं खरं सांगायचं वचन दिलं होतं, आणि त्यातलं सर्वांत खरं मामंजींनी स्वतःकडे ठेवून घेतलं होतं. त्यांनी उद्यावर टाकलेल्या गोष्टी मी पाहिलेल्या आहेत. ती डबीसुद्धा ‘उद्या बघू’ म्हणूनच कपाटात गेली होती.

पहाटे पाचला मी अंघोळ करून तुळशीला प्रदक्षिणा घालत होते. विहिरीवर अनंताने पंप चालू केला. ओटीवरचा दिवा लागला आणि मामंजी बाहेर आले. पांढरा सदरा, काळी टोपी. मागे दाराशी पेटी, चादरीत बांधून ठेवलेली.

“हा पंप इतका ओरडतो?” ते म्हणाले. “रोज?”

त्यांच्या उजव्या कानात ते यंत्र होतं.

मी आत जाऊन वाटीत दही-साखर आणली आणि त्यांच्या तळव्यावर घातली. त्यांनी ती खाल्ली, धोतराला हात पुसणार होते, मी पंचा पुढे केला.

“सहाची गाडी अजून सहालाच सुटते ना?”

मी मान हलवली. अनंता पंप बंद करून आला. काही न विचारता त्याने पेटी खांद्यावर घेतली. पंप थांबल्यावर वाडीत एकदम शांत झालं. मामंजी पायरीवर थबकले, मान जरा तिरपी करून पोफळींतलं काहीतरी त्यांनी ऐकलं. मग वाडीच्या फाटकाचं बेडं आवाज न करता उघडलं आणि ते गाडीच्या रस्त्याला लागले.