चौबाऱ्याजवळची माडी

अण्णा, चहा निवू द्या थोडा, तोवर आज सकाळचीच एक गोष्ट ऐका. कमलनगरचा अंबाजी सुट्टीत बायकोला, शकुबाईला, बिदर दाखवायला आलाय. चौबाऱ्याच्या जुन्या बुरुजाजवळ विमलबाईंची माडी त्यानं आठ दिसांसाठी भाड्यानं घेतली. शकुबाईनं वळकटी सोडली, स्टो पेटवला अन खिडकीतून बघती तर खाली तिच्या माहेरच्या गावचा टांगेवाला! आनंदानं ती वरूनच वरडली, "जयभीम, भाऊ!"

खाली अंगणात विमलबाईनं ते ऐकलं. विमलबाई जिना चढून आली, पण दारातच थांबली.

"अक्का, माझी जाऊ यायलीय. माडी खाली करून द्या."

"कधी यायलीय?"

"आत्ताच."

"लई घाईची हाय की तुमची जाऊ!" शकुबाई म्हणली.

अंबाजीला लई बोलायचं होतं. पण बाई हसून बोलायली, भाडंबी परत द्यायली. भांडावं तरी कशावरनं? त्यानं वळकटी बांधली. पुढच्या दोन घरांत तर आधी आडनावच इचारलं, मग खोली न्हाई म्हणले.

ते बघा, माझ्या हाटेलात मागल्या बाकड्यावर बसल्यात दोघं. तिनं आजून किल्लाबी बघितला न्हाई. अण्णा, तुमची वरची खोली रिकामीच हाय नव्हं? द्या की त्यायला.