एकटी राहते

साबणाच्या वडीला चिकटलेला तो केस तिचा नव्हता. आखूड, राखाडी, ताठ... रेनोचा. ओदिलनं चाकांची खुर्ची बेसिनला टेकवली, नखानं केस खरवडला आणि नळ सोडला. गेला. पण एक सापडला म्हणजे आणखी असणार, उशीवर, टॉवेलवर, मोरीच्या जाळीत... सोमवार उजाडला की हेच. रेनो अंधारात उठून बसडेपोच्या वर्कशॉपला जायचा, जोडे हातात घेऊन मोज्यांवर बोळ ओलांडायचा, व्हॅन पार चर्चमागे लावलेली. आणि मागे ही, स्वतःच्याच घरात चोर शोधत फिरणारी.

चोरी कसली, तर माणूस घरी येतो याची! ती एकटी राहते तोवर अपंगभत्ता तिचा. रेनो इथेच राहतो असं कचेरीनं ठरवलं, की त्याचा पगार हिचाही धरणार आणि भत्ता बंद. मग केस कापायचे तरी, भाचीला काही घ्यायचं तरी, आतले कपडे आणायचे तरी हात पसरायचा – रेनो, जरा पैसे देतोस? देईल. आज देईल. पण मी पन्नाशीला टेकलेली, पाय गेलेले, आणि उद्या भांडून दार आपटून निघून गेला तर? "तुला कधी कमी पडू देईन का गं?" असं परवा जेवताना तो म्हणाला, तेव्हा तिनं त्याच्याकडे असं काही पाहिलं, की बिचारा सूप अर्धं टाकून खिडकीशी जाऊन उभा राहिला. चांगला माणूस आहे. चांगलाच आहे ना?

आणि समोरची जिनेत. सूतगिरणीतून निवृत्त झालेली, दिवसभर दाराच्या भोकाला डोळा लावून बसलेली. "शनिवार-रविवारी तुझा नळ फार वाजतो गं," म्हणाली होती. शनिवार-रविवारीच का? वरच्या मजल्यावरच्या आंधळ्या गास्पारचा भत्ता असाच बंद झाला, कुणीतरी निनावी कळवलं म्हणून. बागेसमोरच्या श्रीमंत नोटरीच्या बंगल्यात कोण कुणाच्या पलंगावर झोपतं, हे विचारायला जातं का कुणी? मेल्यांना गरिबाचीच गादी झटकून बघायची.

दार वाजलं. ओदिलनं रेनोचा टॉवेल मांडीखाली सारला.

"येऊ का? आलेच," म्हणत जिनेत चिकोरी कॉफीचा थर्मास घेऊन आत. "गुरुवारी तू मालिशला गेली होतीस ना, तेव्हा कचेरीचा माणूस आला होता. तुझ्याकडे कोण पुरुष येतो म्हणून विचारत होता."

ओदिलनं टॉवेल मांडीखाली आणखी आत दाबला. हीच ती. हिनंच सांगितलं.

"मग, मादाम जिनेत? काय म्हणालात तुम्ही?"

"काय म्हणणार! म्हटलं, पुरुष? हिच्याकडे? अहो, पाहिलंय का तिला? खुर्चीतनं उठता येत नाही तिला, कोण येणार हिच्याकडे!" जिनेत स्वतःच्या हुशारीवर खुदखुदली. "लगेच पटलं गं त्याला. पुढे एक प्रश्न नाही. हो, बरोबर आहे, म्हणाला आणि गेला. रेनोला म्हणावं, आता निवांत ये."

म्हणजे हिला नावसुद्धा ठाऊक! ओदिल "फार उपकार झाले" असं काहीतरी पुटपुटली. म्हातारी गेल्यावर कॉफी तशीच राहिली.

वाचला होता भत्ता. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. आता ही याच्या बदल्यात काय मागेल... तिनं सवयीनं संशय धरून पाहिला, पण आज तो टिकेना. लगेच पटलं. ज्या माणसाला जगातल्या प्रत्येकावर संशय घेण्याचा पगार मिळतो, जो जास्तीच्या एका पेल्यावरून दोन माणसं ओळखतो, त्याला हे तेवढं लगेच पटलं. शनिवारी रेनोनं माझे केस धुतले, मग तसेच ओले... मी केवढ्यानं हसले होते! त्यानं तोंडावर हात ठेवला होता माझ्या, हळू गं, ऐकू जाईल. ग्रीसचा वास होता हाताला.

ऐकू जायला हवं होतं. साऱ्या रूबे गावाला ऐकू जायला हवं होतं.

निदान शंका तरी घ्यायची होतीस, मेल्या कचेरीवाल्या.