दहावा सभासद

बाबा जाऊन नऊ दिवस झाले तेव्हा सुयोगचा फोन आला. बाबा, तो आणि आणखी आठ जण मिळून मराठी कीबोर्डचं एक मुक्त सॉफ्टवेअर सांभाळत. गोडदेवच्या मिठागरांतले चारशे शब्द बाबांनी त्यात घातले होते. ते काढून टाकावेत, या ठरावावर मतदान सुरू होतं.

“काढायला निम्म्याहून जास्त, म्हणजे दहातली सहा मतं लागतात, ताई. पाच पडलीत. न दिलेलं मत विरोधात धरतात. शुक्रवारपर्यंत काका गेल्याचं कुणाला बोलू नकोस, बस.”

“मी त्यांच्या नावाने मत देणार नाही हं.”

“काहीच करायचं नाहीये. गप्प राहायचं. काकांना ते कधी जमलं नाही, तुला जमेल.”

बऱ्याच दिवसांनी मी हसले.

गुरुवारी बाबांच्या मेलवर भूमिकाचं पत्र आलं. ती त्या आठ जणांतली; ठराव तिचाच होता. ‘काका, या शब्दांकडे तुम्ही एकटेच बघता, पुढे कोण बघणार? तुमचं ऐकल्याशिवाय मतदान संपवणं बरं वाटत नाही. हवी तर मुदत वाढवते. तब्येत बरी आहे ना?’

मला गप्प राहवलं नाही. मी माझ्या नावाने दोन ओळी लिहून कळवलं.

संध्याकाळपर्यंत आठ जणांचे शोकसंदेश आले. सुयोगचा आला नाही. मग भूमिकाने नियमाप्रमाणे बाबांचं नाव यादीतून काढलं. सभासद नऊ, मतं पाच. ठराव मंजूर झाला. कुणी सांभाळणार असेल तर शब्द परत घेऊ, असं तिने खाली लिहिलं होतं.

मला त्यातले जेमतेम वीस येतात.